रिकाम्या आसनाचा शेजार

पनवेल तालुक्याच्या महसुली दप्तरात तळोजे हे एका गावाचे नाव नाही. तळोजे मजकूर आणि तळोजे पाचनंद अशी दोन मौजे तेथे स्वतंत्रपणे नांदतात. या जुन्या गावठाणांच्या भोवती जो विस्तार झाला, त्यात एका बाजूस औद्योगिक विकास महामंडळाची कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या बाजूस सिडकोने आखलेली नवी नगरी, मधून दिवा-पनवेल लोहमार्ग आणि कडेने मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा, बंदराच्या मालाने लादलेल्या कंटेनरांच्या रांगांनी अहोरात्र दणाणणारा रस्ता, असा सगळा संमिश्र संसार एकवटला आहे. गावठाणांत आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नव्या नगरीतील माणसे मात्र बहुतेक बाहेरून आलेली. कोणी मुंबईतील भाड्याची खोली सोडून आले, कोणी खानदेशातून कारखान्याच्या नोकरीसाठी आले, आणि सिडकोने २०१८ च्या ऑगस्टात तळोजे, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी या पाच ठिकाणच्या १४,८३८ घरांची जी सोडत जाहीर केली, तिच्यात नाव निघाले म्हणून कित्येक येथे आले. सोडतीत घर मिळते. शेजारी कोण मिळणार, याची सोडत कोणी काढत नाही. असा अपरिचितांचा समुदाय हळूहळू एकमेकांचा कसा होतो, याचा विचार करू लागले की मला प्रत्येक वेळी इमारतीच्या आवारात उभ्या असलेल्या, सरकत्या दरवाजांच्या चौकोनी गाड्या आठवतात. त्यांच्याविषयी मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही, आणि हे मला त्या गाड्यांवरील अन्यायासारखे वाटते.

या गाड्यांची वंशावळ आपल्याकडे बरीच मागे जाते. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात तयार होणारी मॅटाडोर ही महाराष्ट्राच्या लग्नांची, सहलींची आणि देवदर्शनांची पहिली मोठी वाहक. १९९४ साली टाटांनी पुण्यात तयार केलेली सुमो तिच्यामागून आली, आणि त्या नावात सुमंत मुळगावकर या थोर मराठी उद्योगधुरीणाच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरे गुंफलेली आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ही वाहने प्रायः भाड्याने आणावयाची असत. मध्यमवर्गीय कुटुंबाने स्वतःच्या मालकीची, स्वतः चालवावयाची मोठी गाडी दारात उभी करावी, हे शक्य केले ते १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनने, जिचे पुढे ओमनी असे नामकरण झाले. योगायोग असा की जगाच्या इतर भागांतही याच सुमारास हाच विचार रुजत होता: अमेरिकेत क्रायस्लरने १९८३ च्या अखेरीस आपली कुटुंबाची व्हॅन बाजारात आणली, फ्रान्समध्ये रेनोने १९८४ साली एस्पास आणली. त्या दोन्ही गाड्या प्रशस्त आणि महाग होत्या; आपली ओमनी ३,३७० मिलिमीटर लांबीची, आणि तिचे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन मारुती ८०० मधलेच. एवढ्याशा देहात तिने पाच आणि आठ आसनांची सोय केली. आठ आसनांच्या ओमनीत मधली बैठक उलट्या तोंडाची असे, त्यामुळे प्रवासी समोरासमोर बसत, गुडघ्याला गुडघा लागे, आणि रुसलेल्या माणसालाही घाट उतरेपर्यंत रुसवा धरून बसणे अशक्य होई. ओमनीचे उत्पादन २०१९ साली थांबले. तिच्या जोडीला २०१० पासून इको होती, आणि तळोज्यात आज सर्वत्र दिसते ती हीच. तिच्या बरोबरीने २०१२ साली आलेली अर्टिगा दिसते, आणि ज्यांचे बरे चालले आहे त्यांच्याकडे इनोव्हा.

आमच्याकडे सात आसनांची इको आहे आणि ती मी चालवते. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन अशी तिची रचना. आमच्या घरात माणसे पाच. गाडी घेताना जी दोन आसने जास्तीची म्हणून आम्ही मनातल्या मनात सोडून दिली होती, तीच पुढे सर्वाधिक महत्त्वाची ठरली. कारण मोटारीतील रिकामे आसन ही एक विलक्षण गोष्ट आहे. लहान मोटारीचा मालक कोणाला ‘येता का’ असे विचारण्यापूर्वी आपली जागा मोजतो. सात आसनांच्या मालकाला विचारल्यावाचून पुढे जाताच येत नाही, कारण रिकामी जागा मागच्या आरशात दिसत राहते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना पनवेलच्या बाजारात जावयाचे असते, वरच्या मजल्यावरच्या मुलाला बेलापूरला परीक्षेला जावयाचे असते, समोरच्या घरच्या आजोबांचे डोळे तपासावयाचे असतात, आणि ही सर्व प्रयोजने कोणी अर्ज न करता आपोआप गाडीच्या दप्तरी दाखल होतात. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी ११ स्थानकांची मेट्रो सुरू झाली, पाचनंदलाही तिचे स्थानक आहे, आणि एकट्या धडधाकट माणसाची तिने फार मोठी सोय केली. परंतु गुडघे दुखणारी आजी, झोपलेले मूल, भाजीची पिशवी आणि औषधांची फाइल एवढा सरंजाम घेऊन निघालेल्या कुटुंबाला घराच्या दारापासून दारापर्यंतच जावयाचे असते.

आता तिच्या स्वभावाविषयी. या गाडीचे इंजिन पुढच्या दोन आसनांच्या खाली असते, ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि वैशाखात अनुभवणे वेगळे. आमच्या गाडीला वातानुकूलन नाही. खाली इंजिनाची ऊब, वर पत्र्याचे ऊन आणि मधे चालक, अशी उन्हाळ्यातील स्थिती. तीच ऊब पौषातल्या पहाटे, कर्नाळ्याच्या बाजूने धुके आलेले असताना, इतकी सुखद वाटते की वैशाखातला सारा त्रास विसरायला होतो. काचा उघड्या ठेवून फिरल्यामुळे परिसराची ओळखही नाकाने होते: कारखान्यांच्या वसाहतीत एका वळणावर मासळीप्रक्रियेचा वास, पुढे रसायनांचा, आणि कासाडी नदीच्या पुलावर तर काच ओढून घ्यावीच लागते. याच तळोज्यात २०१७ च्या ऑगस्टात अंगावर निळा रंग चढलेली भटकी कुत्री दिसली आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. बंद काचांच्या थंड गाडीतून जाणाऱ्याला नदी इतकी दूषित झाल्याचे कळायला वर्तमानपत्र लागते. आमच्या मुलांना ते शाळेच्या वाटेवरच कळते, आणि ‘आई, नदीचा वास असा का?’ या त्यांच्या प्रश्नाला आम्हा मोठ्या माणसांपाशी अजून उत्तर नाही.

सरकत्या दरवाजाचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. नवखा पाहुणा तो हळुवारपणे ओढतो, दरवाजा शेवटच्या दोन बोटांवर अडतो, आतला दिवा जळत राहतो आणि गाडीतले सर्वजण एकमुखाने ‘जोरात ओढा!’ असे ओरडतात. पाहुणा संकोचतो, कारण दुसऱ्याच्या गाडीचा दरवाजा जोराने लावणे हे आपल्याकडे उद्धटपणाचे लक्षण समजले जाते. ज्या दिवशी तो न सांगता, एका दमात, धाडकन दरवाजा लावतो, त्या दिवशी तो पाहुणा राहत नाही. गावठाणाच्या बोळात दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या मधे वीतभर जागा असताना म्हातारे माणूस निर्वेधपणे उतरू शकते ते या दरवाजामुळेच. लहान मुलांची बोटे तेवढी सांभाळावी लागतात. संध्याकाळी तर या दरवाजाला आणखीच एक प्रयोजन प्राप्त होते. नव्या इमारतींना ओटा नाही, पडवी नाही. तेव्हा आवारात उभ्या असलेल्या गाडीचा दरवाजा उघडला की तिच्या पायरीवर दोघी, आत तिघी अशा बायका मटार सोलत, पालेभाजी निवडत बसतात, आणि जी ओसरी नकाशात कोणी काढली नाही ती गाडीत आपोआप तयार होते.

सात माणसे बसवावयाची म्हणजे कोणी कोठे बसावे हा प्रश्न आला, आणि हा प्रश्न प्रत्येक कुटुंब आपापल्या अलिखित कायद्याने सोडवते. पुढची जागा घरातील वडीलधाऱ्या पुरुषाची, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. परंतु गाडी सून चालवत असेल तर तिच्या शेजारी सासऱ्यांनी बसावे की सासूबाईंनी, याविषयी जुना दाखला उपलब्ध नसल्याने आमच्याकडे तो निर्णय सासूबाईंनी स्वतःच घेतला, आणि ‘मला पुढचं सगळं दिसायला पाहिजे’ एवढेच कारण देऊन त्या पुढे बसल्या. त्यांचे सारे आयुष्य एसटीच्या आणि लोकलच्या गर्दीत, मागच्या कोणत्या तरी आसनावर गेले. पासष्टीनंतर प्रथमच रस्ता त्यांच्यासमोर उलगडू लागला. पळस्पे फाटा ओलांडल्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागला की त्या अजूनही हात जोडतात. मधल्या बैठकीच्या खिडक्या ज्यांना गाडी लागते त्यांच्या. त्यांच्यापाशी लिंबू, आवळासुपारी आणि कागदी पिशवी असावी हा दंडक. मागची दोन आसने मुलांची. ती मागच्या चाकांच्या वर येतात, खड्डा आला की तेथे सर्वांत जास्त उडायला होते, आणि मोठ्यांना जी शिक्षा वाटावी तिच्यासाठी मुले भांडतात.

उडण्यावरून आठवले. अशा गाडीच्या मागच्या स्प्रिंगा पूर्ण भार गृहीत धरून घडवलेल्या असतात; म्हणून फक्त चालक घेऊन रिकामी निघालेली इको रस्त्यावर नको तितकी उसळते, वाऱ्याच्या झोतात डोलते, आणि जरा वेग वाढला की तिचे सारे पत्रे बोलू लागतात. तीच गाडी सहा-सात माणसांनी आणि त्यांच्या बोचक्यांनी भरली की खाली बसते, रस्त्याला धरून चालते, तिचा आवाजही खोल होतो. चढावर दम लागतो, हे खरे. खालच्या गिअरमध्ये, कंटेनरांच्या मागून, मुंगीच्या पावलांनी चढावे लागते. पण भरल्या गाडीची चाल एकदा अंगवळणी पडली की रिकामी गाडी चालवणे नकोसे होते. आमच्या कारागिराने हे मला यंत्रशास्त्राच्या भाषेत समजावून सांगितले. त्याचे गॅरेज कळंबोलीच्या वाटेवर आहे. पुढचे आसन उलटे पाडून तो इंजिनात डोके घालतो तेव्हा गाडीतल्या सर्वांना खाली उतरावे लागते, आणि मग तो एकेका प्रवाशाला त्याचे गाव विचारत काम करतो.

या गाड्यांचा खरा उत्सव मात्र भाद्रपदात. आमच्या परिसरातील कित्येक कुटुंबे गणपती पेणहून आणतात, आणि पेण गोवा महामार्गावर पनवेलच्या दक्षिणेस, जवळच असल्यामुळे मूर्ती घरच्या गाडीतूनच यावी असा आग्रह असतो. सपाट तळ आणि रुंद उघडणारा दरवाजा या दोन गुणांमुळे इमारतीतील इतरांचेही गणपती आमच्याच गाडीत येतात. मधल्या बैठकीवर पाट ठेवून, घडी घातलेल्या रजया खाली देऊन, चेहऱ्यावर वस्त्र झाकलेली मूर्ती बसवतात. दोन्ही बाजूंस एकेकजण तिला धरून बसतो. त्या परतीच्या वाटेवर गाडी ज्या सावधपणे चालवली जाते तो सावधपणा वर्षभर दाखवला तर महामार्गावरील निम्मे अनर्थ टळतील, असे मला मनापासून वाटते. गतिरोधक फर्लांगभर आधीपासून घोषित होतो. मागचा ट्रकवालाही, काचेतून मूर्ती दिसली तर, भोंगा वाजवत नाही.

ज्यांचे गणपती गावी बसतात त्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने पुढे जातात. पनवेल हे कोकणाचे दार, आणि पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटरांचे रुंदीकरण २०११ पासून रेंगाळत राहिल्यामुळे या दाराच्या उंबऱ्यावर कोकणवासीयांनी किती रात्री काढल्या याची गणती नाही. शासन या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पथकरमाफीचे पास देते. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीच्या बोगद्याची एक बाजू लहान वाहनांसाठी खुली झाली आणि घाटाचा फेरा काहींचा वाचला. तरीही वडखळला किंवा माणगावला गाड्यांची रांग तासन्‌तास थांबते. अशा थांबलेल्या रात्री सात आसनांच्या गाडीत जे घडते ते मला फार मोलाचे वाटते. घरी दोन खोल्यांत दोन दूरचित्रवाणी संच आणि प्रत्येकाच्या हाती मोबाइल असलेले कुटुंब येथे एकाच दिव्याखाली बसते. डबा उघडतो, चपातीचा लाडू निघतो, कोणाच्या लग्नात कोण रुसले होते याचा सविस्तर इतिहास निघतो, आणि नातवाला आपल्या पणजोबांचे नाव प्रथमच कळते. परतताना गाडी जातानापेक्षा जड असते: तांदळाची गोणी, नारळ, कोकमे, सुकट. मे महिन्यात फणस असेल तर त्याचा वास आठवडाभर आसनांत राहतो आणि इमारतीत सर्वांना कळते की कोणाचे कोण गावाहून आले. मग गरे वाटावेच लागतात.

तळोजे गावात मशिदीजवळच्या आळीत एका कोकणी मुसलमान आजोबांकडे अजून जुनी पांढरी ओमनी आहे. ईदेला सारे कुटुंब तिच्यातून श्रीवर्धन, म्हसळ्याच्या नातेवाइकांकडे जात असे. आता मुलांकडे नव्या गाड्या आहेत, आणि ही ओमनी आळीच्या कामाला असते. कोणाला कामोठ्याच्या रुग्णालयात रात्री न्यावयाचे असो, कोणाच्या मुलीच्या हळदीचे सामान आणावयाचे असो, किल्ली खुंटीवर असते आणि ज्याला चालवता येते तो नेतो. आगरी आळीतल्या एका मावशींनी मला सांगितले की चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला त्यांच्या घरच्या बायका कित्येक वर्षे याच ओमनीतून गेल्या. ‘देवी काय गाडी कुनाची इचारते?’ असे त्या म्हणाल्या, आणि मला त्यावर काही विचारावेसे उरले नाही. हिंदी चित्रपटांनी या गाडीला अपहरणकर्त्यांचे वाहन म्हणून जी कुप्रसिद्धी दिली ती माझ्या मते अत्यंत अन्यायकारक आहे. मी पाहिलेल्या ओमनींनी माणसे पळवली नाहीत, घरी आणून सोडली.

पैशाचा व्यवहार या शेजारात कसा चालतो, हेही सांगण्याजोगे आहे. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीने भाडे घेऊन प्रवासी वाहू नयेत, हा कायदा. आणि शेजाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत, ही रीत. दोहोंचा निवाडा एकच असल्याने हिशेब दुसऱ्या मार्गाने फिटतो. खालच्या काकूंकडून दिवाळीला चकलीचा डबा येतो, वरचा मुलगा गाडी धुऊन देतो, डोळ्यांची तपासणी झालेले आजोबा आमच्या मुलांना गणित शिकवतात. मला स्वतःला हा हिशेब पेट्रोलच्या पावतीपेक्षा अधिक काटेकोर वाटतो, कारण यात कोणीही कोणाचे देणे विसरत नाही.

एका बाबतीत मात्र मी कठोर आहे. आसने सात असतील तर माणसे सातच. मांडीवरचे मूल धरून नऊ, ‘जवळच तर जायचंय’ म्हणून दहा, हे मी चालू देत नाही. या गाड्यांत चालकाच्या गुडघ्यांपुढे फारसे संरक्षण नसते, आणि मुंब्रा-पनवेल रस्त्यावर शेजारून चाळीस फुटी कंटेनर जात असतो. २०२२ च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात, मागच्या आसनावर पट्टा न बांधता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटारीच्या अपघातात मृत्यू झाला, आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधला पाहिजे ही गोष्ट घरोघर बोलली गेली. काही महिन्यांतच ती पुन्हा विस्मरणात गेली. आमच्या गाडीत सासूबाई पट्टा बांधून झाल्यावर मागे वळून पाहतात, आणि त्यांनी पाहिल्यावर कोणाची बांधल्यावाचून राहण्याची छाती होत नाही. पावसाळ्यात रुळांखालच्या भुयारी रस्त्यात पाणी साचले की तेथेही मी तितकीच कठोर: इंजिन आसनाखाली असो वा पुढे, पाण्याचा तळ दिसत नसेल तर गाडी वळवून लांबच्या रस्त्याने न्यावयाची, मग मुलांचा शाळेचा पहिला तास बुडो.

सुरक्षिततेच्या नव्या अपेक्षांनी या गाडीचे रूपही पालटले. २०२५ साली इकोला सहा एअरबॅग मिळाल्या, आणि सात आसनांच्या जागी सहा आसनांची रचना आली. एअरबॅग आल्या याचे मला समाधान आहे. एक आसन गेले याची हळहळही आहे, आणि या दोन भावनांत विरोध आहे असे मला वाटत नाही. आमची गाडी आता जुनी होत चालली आहे, तेव्हा पुढे काय घ्यावे याची चर्चा घरात आणि इमारतीतही चालते. अर्टिगा आमच्या ३,६७५ मिलिमीटरांच्या गाडीपेक्षा बरीच लांब; आवारातल्या आमच्या जागेत ती बसेल की नाही याची मोजणी मुलांनी खडूने करून पाहिली आहे. सीएनजीची अर्टिगा घेतली तर इंधनाचा खर्च कमी येईल, परंतु टाकी मागच्या आसनांमागची जागा खाते, म्हणजे सामान टपावर. वरच्या मजल्यावरचे भाऊजी म्हणतात की ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे, आता पाहुणे विमानाने येतील, त्यांच्या बॅगा मोठ्या असतील, तेव्हा डिकी मोठी पाहिजे. सासूबाईंचे म्हणणे एवढेच की दरवाजा सरकता असावा, नाहीतर पेणहून पाट आत कसा ठेवणार. काकूंनी अद्याप मत दिलेले नाही. त्यांना आधी त्या गाडीत बसून पाहावयाचे आहे, आणि त्यासाठी येत्या रविवारी आम्ही सर्वजण मिळून पनवेलला जाणार आहोत.